दोनशे मिनिटांतली तुझी किती?

पत्राचा सारांश: पत्रलेखक वीस वर्षांचा असून त्याची उंची सहा फूट पाच इंच आहे. वयोगटाच्या स्पर्धांत तो आपल्या संघाचा सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू होता आणि त्या बळावर पहिल्या श्रेणीतल्या एका व्यावसायिक बास्केटबॉल क्लबने त्याच्याशी दोन वर्षांचा करार केला. मोसमातले अठरा सामने आता झाले आहेत. त्यांपैकी सात सामन्यांत तो मैदानात उतरला आणि सगळे मिळून एकतीस मिनिटे खेळला, तीही बहुतेक वेळा निकाल लागून गेल्यावर. प्रशिक्षक “तुझी वेळ येईल” एवढेच सांगतात. खालच्या श्रेणीतला एक क्लब उरलेल्या मोसमासाठी त्याला लोनवर (मूळ करार कायम ठेवून तात्पुरते) मागतो आहे आणि दर सामन्यात पंचवीस मिनिटे खेळवू असे म्हणतो आहे. एजंटचे मत थांबावे असे आहे, तर वडिलांना भीती वाटते की एकदा खाली गेलेला मुलगा पुन्हा वर येणार नाही. निर्णयाला तीन आठवडे उरले आहेत. पत्राच्या शेवटी तो लिहितो, “माझ्यात व्यावसायिक पातळीवर खेळण्याची कुवत आहे की नाही, एवढे मला कोणीतरी स्पष्ट सांगा.”

प्रिय मित्रा,

तू वयाने माझ्या धाकट्या मुलाएवढा आहेस, म्हणून एकेरीत लिहितो आहे. राग मानू नकोस. तुझ्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करू, कारण माझ्या मते घोळ तिथेच आहे. कुवत ही अंगात असते किंवा नसते आणि असेल तर मिनिटे आपोआप मिळतात, असे तू धरून चालला आहेस. त्यामुळे एकतीस मिनिटांचा हा आकडा तुला परीक्षेच्या निकालासारखा वाटतो आहे. मी काही वर्षे खेळलो आणि नंतर बरीच वर्षे साहाय्यक प्रशिक्षक म्हणून बाकाच्या टोकाला पाटी घेऊन बसलो. तिथून दिसलेला हिशेब वेगळा आहे आणि तो आधी मांडतो.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सामना चाळीस मिनिटांचा असतो आणि मैदानात पाच जण असतात, म्हणजे प्रशिक्षकाच्या हाती वाटायला बरोबर दोनशे मिनिटे असतात. सुरुवातीचे पाच जण सरासरी अठ्ठावीस मिनिटे खेळले, तर एकशे चाळीस संपली. उरलेल्या साठांतली पन्नासेक पहिले तीन राखीव खेळाडू घेतात, कारण पाच-सहा मिनिटांच्या तुकड्यांत कोणालाही लय सापडत नाही, हे प्रत्येक प्रशिक्षक जाणतो. राहिली दहा, आणि त्यांच्यासाठी रांगेत उभे आहेत नववा, दहावा, अकरावा आणि बारावा. तुझ्या वर्णनावरून तू दहावा किंवा अकरावा असावास. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा असल्याने ही बेरीज दोनशे चाळीस होते, पण तिथे करारावरचे खेळाडूही जास्त असतात, त्यामुळे शेवटच्या माणसाचे दुःख तेवढेच राहते.

या हिशेबातून एक अप्रिय गोष्ट निघते. तुला मिळणारे प्रत्येक मिनिट आज कोणाच्या तरी नावावर आहे. तो कदाचित एकतीस वर्षांचा, गुडघ्याला पट्टी बांधून खेळणारा, तुझ्यापेक्षा सावकाश धावणारा माणूस असेल आणि सरावात तू त्याला चार वेळा मागे टाकत असशील. तरीही प्रशिक्षक त्यालाच उतरवतो, कारण तो काय करणार आणि काय करणार नाही हे त्याला आधीच ठाऊक असते. म्हणून ‘मी चांगला आहे का’ या प्रश्नापेक्षा ‘यांतली कोणाची सहा मिनिटे, कोणत्या कामासाठी माझ्याकडे दिली तर प्रशिक्षकाला घोर लागणार नाही’ हा प्रश्न तुझ्या जास्त उपयोगाचा आहे. पहिल्याचे उत्तर कोणीच देऊ शकत नाही. दुसऱ्याचे उत्तर तुझे प्रशिक्षक देऊ शकतात आणि त्यांनी ते द्यायलाही हवे.

निवडीचा मान आणि खेळायला मिळणारी मिनिटे यांची गाठ किती सैल असते, याचे ठळक उदाहरण 2003 सालच्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमात, आहे. पहिल्या क्रमांकावर लेब्रॉन जेम्स, तिसऱ्यावर कार्मेलो अँथनी, चौथ्यावर ख्रिस बॉश आणि पाचव्यावर ड्वेन वेड निवडले गेले; हे चौघेही पुढे मोठे खेळाडू ठरले. दुसऱ्या क्रमांकावर होता सर्बियाचा डार्को मिलिचिच, आणि तो अशा डेट्रॉइट संघात गेला जो त्याच मोसमात विजेता ठरला. जिंकणाऱ्या संघात अठरा वर्षांच्या मुलाने शिकायला कोणाची मिनिटे घ्यायची? तो जवळजवळ पूर्ण मोसम बाकावर बसला आणि ज्या उंचीवर त्याची निवड झाली होती ती त्याने पुढेही कधी गाठली नाही. याच्या उलट जिमी बटलर. 2011 मध्ये पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी, तिसाव्या क्रमांकावर तो निवडला गेला. पहिल्या मोसमात त्याला सामन्यामागे सरासरी साडेआठ मिनिटे मिळाली आणि तिसऱ्या मोसमात तोच खेळाडू अडतीस मिनिटांहून अधिक काळ मैदानात होता. पहिल्या वर्षीचे आकडे पाहून त्याच्या कुवतीचा निकाल दिला असता, तर तो साफ चुकला असता.

पण अशा गोष्टी सांगताना आपण हमखास सुखान्त असलेल्याच निवडतो, म्हणून दुसरी बाजूही ठेवतो. सतनाम सिंग भामरा 2015 मध्ये बावन्नाव्या क्रमांकावर डॅलसकडून निवडला गेला. एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. त्याची उंची सात फुटांवर होती, परिश्रमातही तो कमी पडला असे म्हणता येणार नाही, पण खालच्या लीगमध्ये खेळूनही एनबीएच्या नियमित मोसमातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. उंच खेळाडूंनीही बाहेर येऊन तीन गुणांचे फटके मारावेत आणि चपळ गार्डसमोर (चेंडू खेळवणाऱ्या, बहुधा ठेंगण्या खेळाडूसमोर) बचावात टिकावे, अशी अपेक्षा नेमकी त्याच वर्षांत वाढत होती. रिंगखाली उभे राहून खेळणाऱ्या धिप्पाड सेंटरसाठी संघांतली जागाच आकसली होती. मिनिटे न मिळण्याचे कारण कधी कधी खेळाडूत नसून खेळ ज्या दिशेने सरकतो आहे तिच्यात असते. तू कितीही घाम गाळलास तरी ही शक्यता शून्य होत नाही, आणि ती तुझ्यापासून लपवण्यात मला अर्थ वाटत नाही.

आता तुझ्या दुसऱ्या गृहीतकाकडे येतो. ‘वयोगटात सर्वाधिक गुण माझे होते’ हे वाक्य तुझ्या पत्रात तीनदा आले आहे. तिथे चेंडू तुझ्या हातात असायचा आणि चुकलेला फटका पुन्हा मारण्याची मुभा होती. व्यावसायिक सामन्याच्या चाळीस मिनिटांत एका संघाला आक्रमणाच्या साधारण सत्तर ते पंच्याहत्तर संधी मिळतात. तू तीन मिनिटांसाठी उतरलास, तर तुझ्या संघाकडे चेंडू जेमतेम पाच-सहा वेळा येणार, आणि त्यांतला एखादाच फटका तुझ्या वाट्याचा. तीन गुणांच्या रेषेबाहेरून शंभरात पस्तीस फटके घालणारा खेळाडू हा चांगला नेमबाज मानला जातो. पण त्याचेही लागोपाठ तीन फटके चुकण्याची शक्यता सत्तावीस टक्के आहे. म्हणजे एवढ्या थोड्या वेळात गुण मिळवून स्वतःला सिद्ध करायला निघणे हा जवळजवळ जुगार आहे, आणि तू लिहिले आहेस की उतरल्यावर तू “काहीतरी करून दाखवायला” पहिल्याच संधीला फटका मारतोस. बाकावरून ते कसे दिसते हे सांगतो. चार बाय पाच फुटांच्या जागेत अडकलेला, दोन बचावपटू अंगावर असलेला मुलगा हात वर करतो, आणि त्याच क्षणी डाव्या कोपऱ्यात मोकळा उभा असलेला जुना खेळाडू दोन्ही तळहात उघडून प्रशिक्षकाकडे बघतो. फटका आत गेला तरी ती नजर प्रशिक्षकाच्या लक्षात राहते.

या बाबतीत पी. जे. टकरची कारकीर्द तू बारकाईने वाचावीस असे मला वाटते. त्याची उंची तुझ्याएवढीच. टेक्ससच्या विद्यापीठात तो सर्वस्व होता, 2006 मध्ये त्यांच्या परिषदेचा, म्हणजे विद्यापीठांच्या गटाचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच वर्षी पस्तिसाव्या क्रमांकावर टोरंटोने त्याला घेतले. तिथे तो मोजून सतरा सामने खेळला आणि मोसम संपण्याआधीच संघाबाहेर गेला. रिंगजवळ दांडगाईने गुण मिळवणाऱ्या खेळाडूकडून त्या पातळीवर आणखी चार-सहा इंच उंचीची अपेक्षा असते. त्यानंतरची पाच वर्षे तो इस्रायल, युक्रेन, ग्रीस, इटली आणि जर्मनी अशा देशांत खेळत राहिला. 2012 मध्ये फिनिक्सने त्याला परत बोलावले, तेव्हा तो वेगळाच खेळाडू झाला होता. समोरच्या संघाच्या सर्वांत घातक माणसाला तो अडवायचा, हरवलेल्या चेंडूमागे झेप घ्यायचा आणि आक्रमणात कोपऱ्यात उभा राहून मोकळा फटका मारायचा, बस्स. त्या तीन कामांवर तो पुढे दशकभर टिकला आणि 2021 मध्ये मिल्वॉकीबरोबर विजेतेपदही मिळवले. विद्यापीठातल्या नायकाने कोपऱ्यात उभे राहायला कबूल होणे, ही माझ्या दृष्टीने त्या पाच वर्षांतली सर्वांत अवघड गोष्ट असावी.

वडिलांची भीती मी समजू शकतो, कारण ती प्रेमातून आलेली आहे. पण खाली जाणे म्हणजे संपणे, हे गृहीतक अनुभवाला धरून नाही. पास्कल सियाकाम 2016 मध्ये सत्ताविसाव्या क्रमांकावर निवडला गेला. मोसमाच्या सुरुवातीला त्याला टोरंटोच्या पहिल्या पाचांत स्थान मिळाले, मग ते गेले आणि नंतर तो टोरंटोच्याच खालच्या संघाकडूनही खेळला. 2017 मध्ये त्या संघाने आपल्या लीगचे विजेतेपद मिळवले आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू सियाकाम ठरला. दोनच वर्षांनी, 2019 मध्ये, तो एनबीए विजेत्या संघाचा आधारस्तंभ होता. जेरेमी लिनची कथा तर तू ऐकलीच असशील: 4 फेब्रुवारी 2012 रोजी बाकावरून उठून पंचवीस गुण केले आणि रातोरात नाव झाले. लोक ती नशिबाची गोष्ट म्हणून सांगतात. मात्र त्याआधीच्या डिसेंबरात दोन संघांनी काढून टाकल्यावर, जानेवारीत तो खालच्या लीगमध्ये जाऊन पूर्ण सामना खेळला होता आणि तिथे त्याने ट्रिपल-डबल (गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्हींत दोन आकडी संख्या) नोंदवले होते, हे सहसा कोणी सांगत नाही. संधी आली तेव्हा त्याचे पाय सामन्याला सरावलेले होते.

तरीही सियाकामच्या उदाहरणात एक मेख आहे आणि ती तुला लागू पडते. तो खाली गेला तो स्वतःच्याच घरातल्या संघात. तिथला खेळ वरच्या संघाशी जुळवलेला होता आणि तिथल्या प्रशिक्षकाला याला घडवून वर पाठवण्यातच रस होता. तुला बोलावणारा क्लब परका आहे. पंचवीस मिनिटांचे आश्वासन तोंडी आहे, आणि पहिले चार सामने हरल्यावर श्रेणी टिकवण्याच्या धडपडीत असलेला प्रशिक्षक पाहुण्या पोरापेक्षा स्वतःच्या अनुभवी खेळाडूकडेच वळेल; मीही तेच केले असते. शिवाय सगळी मिनिटे सारखी नसतात. वर जे काम तुला करायचे आहे तेच खाली करायला मिळाले तर ती शिकवण. तिथे पुन्हा चेंडू हातात घेऊन वयोगटासारखे वीस गुण करत राहिलास, तर आकडे छान दिसतील, पण पुढच्या मोसमात तू आज आहेस तिथेच परत येशील. दुरून डोंगर साजरे दिसतात, तसे हे पंचवीस मिनिटांचे आहे.

म्हणून आधी स्वतःच्या प्रशिक्षकांशी बोल. सामना संपल्यावर लगेच नको आणि ‘मला का खेळवत नाही’ या शब्दांत तर मुळीच नको, कारण त्या प्रश्नाला कोणताही प्रशिक्षक बचावाचेच उत्तर देतो. सरावाच्या दिवशी दहा मिनिटे मागून घे आणि विचार, “येत्या सहा आठवड्यांत कोणत्या परिस्थितीत तुम्ही मला पहिल्या तीन सत्रांत उतरवाल, आणि त्यासाठी माझ्या कोणत्या दोन गोष्टी सुधारायला हव्यात?” उत्तर जर ‘समोर छोटा, चपळ गार्ड असेल आणि आपले दोघे फाउलमध्ये अडकले असतील (पाच झाले की खेळाडू बाद) तेव्हा, स्क्रीनमध्ये (समोरच्या खेळाडूने अंगाने उभ्या केलेल्या अडथळ्यात) अडकणे कमी कर आणि फटका गेल्यावर आपला माणूस अडवून धर’ असे नेमके आले, तर तुला तिथे जागा आहे आणि थांबण्यात अर्थ आहे. “मेहनत करत राहा, वेळ येईल” एवढेच आले, तर तोही जबाबच समज.

दुसरे संभाषण त्या क्लबच्या प्रशिक्षकाशी, आणि तेही एजंटमार्फत न करता स्वतः. तुझ्या जागेवर तिथे आणखी कोण आहे, ते तुला चेंडू देणार की बचावाचे काम, त्यांचा स्वतःचा करार मोसमाअखेरपर्यंत आहे का, दुखापत झाल्यास उपचारांची जबाबदारी कोणत्या क्लबची, आणि गरज पडल्यास मूळ क्लब तुला मध्येच परत बोलावू शकतो का, हे सगळे विचार. शेवटच्या दोन गोष्टी लेखी घे. मिनिटांची हमी लेखी मागून उपयोग नाही; ती कोणी देत नाही आणि दिली तरी पाळता येत नाही. एजंट थांब म्हणतो, यामागे त्याचा प्रामाणिक अंदाजही असेल. पण त्याचे मानधन तुझ्या करारातून निघते आणि वरच्या श्रेणीतला करार त्याला अधिक सोयीचा असतो, एवढे ध्यानात ठेवून त्याचे मत ऐक. करार मात्र त्याच्याव्यतिरिक्त कोणा जाणत्या माणसाकडून एकदा वाचून घे.

तिसरा मार्ग आहे का तेही पाहा. जर्मनीसारख्या देशात तरुण खेळाडूला दुहेरी परवान्यावर एकाच मोसमात वरच्या क्लबकडून आणि त्याच्या खालच्या श्रेणीतल्या सहयोगी क्लबकडून खेळता येते, आणि एनबीएमध्येही 2017 पासून दोन्ही लीगांमध्ये ये-जा करता येणारे करार आहेत. तुझ्या लीगचे नियम अशी काही सोय देत असतील, तर आठवडाभर वरच्या संघाबरोबर सराव आणि आठवड्याच्या शेवटी खाली पूर्ण सामना, यासारखे शिक्षण वीस वर्षांच्या खेळाडूला दुसरे नाही.

तीनही मार्ग समोर ठेवून माझा कौल विचारशील, तर तो असा: तुझ्या प्रशिक्षकांनी नेमकी परिस्थिती सांगितली नाही आणि त्या क्लबने तुला बचावाची ठरावीक जबाबदारी देण्याचे मान्य केले, तर जा. प्रशिक्षकांनी नेमके काम सांगितले, तर थांब. दोन्हींकडून मोघम उत्तरे आली तर हा मोसम तिथेच काढ, कारण अनोळखी जागी बाकावर बसण्यापेक्षा ओळखीच्या जागी बसणे बरे. निदान सरावात रोज तरी तुझ्यासमोर तुझ्याहून सरस माणूस उभा असेल.

थांबलास तर शरीराकडे दुर्लक्ष करू नकोस. सामना न खेळणाऱ्याच्या अंगावर आठवड्याचा भार कमी पडतो, आणि मग अचानक वीस मिनिटे खेळावे लागले की स्नायू दगा देतात. सामना संपल्यावर बाकावरच्यांनी वेगळा, घाम काढणारा सराव करावा, ही पद्धत चांगल्या क्लबांमध्ये असते. तुझ्याकडे नसेल तर फिटनेस प्रशिक्षकाला गाठून सुरू कर. आणि शिक्षण अर्धवट सोडले असशील तर एखादा विषय तरी हाती घे. त्यावर अधिक लिहीत नाही, तुझी आई ते माझ्यापेक्षा चांगले सांगत असणार.

बाकावर बसून काय करता येते, याचे मी पाहिलेले दोन नमुने सांगतो. एका मोसमात आमच्याकडे एक मुलगा होता. टाइम-आउटमध्ये सगळे पाणी पीत असताना तो समोरच्या संघाच्या पाटीकडे आणि त्यांच्या गार्डच्या बोटांकडे बघत असे. एके दिवशी तो आमच्या कर्णधाराच्या कानात म्हणाला, “मूठ दाखवली की मागून स्क्रीन येते.” ती आली, आम्ही चेंडू हिसकावला, आणि मुख्य प्रशिक्षकांनी मागे वळून मला विचारले, हे कोणी सांगितले? पुढच्या सामन्यात दुसऱ्याच सत्रात त्याला हाक आली. त्याच संघात दुसरा एक होता, उंचीने आणि कौशल्याने त्याच्याहून वरचढ. एका अटीतटीच्या सामन्यात आमच्या फॉरवर्डचा चौथा फाउल झाला, प्रशिक्षकांनी याचे नाव पुकारले, आणि हा उठला तेव्हा त्याच्या एका बुटाची नाडी सुटलेली होती आणि जॅकेटची चेन गळ्याशी अडकली होती. तो ती ओढत राहिला. पंच थांबत नाहीत. पाच-सात सेकंदांनी प्रशिक्षकांचे बोट शेजारच्यावर गेले, आणि तो शेजारचा उरलेली अकरा मिनिटे खेळला.

तेव्हा तीन आठवड्यांत काय ठरवायचे ते ठरव, पण येत्या सामन्याला बसशील तेव्हा नाड्यांना दुहेरी गाठ मार आणि चेन अर्धी उघडीच ठेव. दोन्ही संभाषणांत काय उत्तरे मिळाली ते मला कळव.

तुझा हितचिंतक